दशमांश आधी की कार्डाचं बिल आधी? द्रव्यलोभाला घरच्या हिशेबात आवर कसा घालायचा

वचनपाठ_पिंपरी

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्याने संसार थाटलेल्या जोडप्यांचा वचनपाठ गुरुवारी असतो. सध्या बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय चालू आहे. देवाची आणि धनाची चाकरी एकाच वेळी होत नाही, इथपर्यंत सगळ्यांच्या माना डोलतात. वही-पेन घेऊन बसलं की गाडी अडते. म्हणून गटातल्या बहुतेकांना लागू पडेल असा एक नमुना हिशेब मांडते.

हातात पगार 62,000. घराचा हप्ता 21,000, घरखर्च 18,000, मुलाची शाळा 5,500, गावी आईवडिलांना 4,000, पेट्रोल-फोन-वीज मिळून 5,000. एकूण 53,500. उरतात 8,500. शिवाय क्रेडिट कार्डावर 48,000 थकलेले.

आता प्रश्न. दशमांश, म्हणजे देवासाठी काढायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, हातात येणाऱ्या रकमेवर काढायचा की पीएफ-कर कापण्याआधीच्या पगारावर? कार्डाचं देणं असताना पूर्ण दशमांश द्यावा का? अडीअडचणीसाठी पैसे बाजूला ठेवणं म्हणजे विश्वास कमी पडणं का? रविवारी दुप्पट पैसे मिळतात म्हणून उपासना चुकवून शिफ्ट घेणाऱ्याला काय सांगावं? आणि यूट्यूबवर "हजार पेरा, लाख उगवेल" म्हणणाऱ्यांना उत्तर काय द्यावं? कृपया नुसती वचनं नकोत, घरी जाऊन करता येईल असं सांगा.

खजिनदार_नगर

ताई, हिशेब मांडलात ते उत्तम केलंत. लोभ मनात असतो हे खरं, पण तो सापडतो पासबुकात. मी क्रमाबद्दल सांगतो, कारण माझ्या मते निम्मं काम क्रमच करतो.

अर्पण पगाराच्या दिवशीच निघालं पाहिजे. महिनाअखेरीस उरेल त्यातून देऊ म्हटलं की उरतच नाही, आणि उरलं तरी ते उरलेलं असतं. शास्त्रात देवाला प्रथमफळ द्यायला सांगितलं आहे, आणि त्याचा अर्थच पहिलं. यासाठी बँकेत दुसरं साधं बचत खातं उघडा, त्याचं एटीएम कार्ड घेऊ नका, यूपीआयला जोडू नका. पगार 1 तारखेला येत असेल तर 2 तारखेची स्थायी सूचना (दर महिन्याला पैसे आपोआप वळवण्याची बँकेला दिलेली सूचना) लावून ठेवा. रविवारचं पाकीट, अचानक आलेला गरजू, मिशनचं दान, सगळं त्याच खात्यातून. पैसे तिथे गेले की ते आपले नाहीत, एवढं घरात दोघांनी मिळून ठरवायचं. नवऱ्याने द्यायचं आणि बायकोला पाकिटावरचा आकडा रविवारी कळायचा, असं असेल तर त्या अर्पणाने घरात कटुताच येते.

पीएफचं असं करा. कापणीआधीच्या पगारावर दशमांश देत असाल तर तुमच्या वाट्याच्या पीएफवर तो आत्ताच दिला गेला. निवृत्तीच्या वेळी फक्त मालकाचा वाटा आणि व्याज यांवर काढा. हातातल्या रकमेवर देत असाल तर पीएफ मिळेल तेव्हा संपूर्ण रकमेवर काढा. दोन्ही चालतं. एक धरून ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नाहीतर दर वर्षी जे स्वस्त पडेल तो नियम लावण्याचा मोह होतो, आणि लोभ आत शिरतो तो नेमका इथून. धंदा असेल तर उलाढालीवर नाही, नफ्यावर. मात्र घरची गाडी आणि हॉटेलचं बिल धंद्याच्या खर्चात घालून नफा कमी दाखवायचा नाही.

आता मंडळीच्या बाजूने. लोक मोकळ्या हाताने देत नाहीत याचं एक कारण मंडळीच्या हिशेबात असतं. अर्पणाची थैली मोजायला एकमेकांच्या नात्यात नसलेले दोघे बसावेत. नोटांची फोड लिहिलेला कागद असावा, त्यावर दोघांच्या सह्या, आणि बँक उघडताच सगळी रोकड जमा. त्यातूनच परस्पर चहा-झेंडूचे पैसे द्यायचे नाहीत. खर्च वेगळ्या व्हाउचरवर. क्यूआर कोड ट्रस्टच्या नावाच्या खात्याचा हवा, कुणाच्या वैयक्तिक नंबरचा नाही. महाराष्ट्रात नोंदणीकृत ट्रस्टला 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. तो अहवाल वार्षिक सभेत वाचून दाखवा. प्रेषित पौलानेसुद्धा यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेल्या दानाची रक्कम एकट्याने नेली नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, आणि कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून हे करतो असं स्पष्ट लिहिलं (2 करिंथ 8:19-21).

शास्त्र_आणि_शेत

दशमांशाबद्दल आधी एक गैरसमज दूर करू. मोशेच्या नियमशास्त्रात "दहा टक्के द्या आणि मोकळे व्हा" असा एकच कर नाही. लेव्यांसाठीचा, म्हणजे देवस्थानाची सेवा करणाऱ्या वंशासाठीचा, दशमांश गणना 18 मध्ये आहे, आणि लेव्यांनी त्याचाही दहावा हिस्सा याजकाला द्यायचा होता. अनुवाद 14 मध्ये देवापुढे कुटुंबासह बसून खाण्याचा दशमांश आहे, आणि दर तिसऱ्या वर्षी गावातला लेवी, परदेशी, अनाथ व विधवा यांच्यासाठी तो वेशीच्या आत ठेवायचा आहे. म्हणजे उपासना, सेवकांचं पोट आणि गरिबाचं ताट या तिन्ही गोष्टी त्यात आल्या. तुमचा सगळा दशमांश इमारतीच्या फरशीवर जात असेल तर तिसऱ्या वर्षाचा हिस्सा कुठे गेला, हे मंडळीला विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

लेवीय 27:31 गटात जरूर वाचा. दशमांशातलं काही सोडवून घ्यायचं असेल तर त्यात पाचवा हिस्सा वाढवून द्यायचा. घरासाठी वापरण्यासारखी शिस्त आहे ही: अर्पणाच्या खात्यातले 5,000 दवाखान्यासाठी वापरावे लागले, तर परत भरताना 6,000 भरायचे. नड भागते आणि खात्याला हात लावण्याची सवय लागत नाही.

सोडायचं किती, याला शास्त्रात एक आकडा नाही. मार्क 10 मधल्या श्रीमंत माणसाला सगळं विकायला सांगितलं. लूक 19 मधल्या जक्कया या जकातदाराने अर्धं दिलं आणि फसवून घेतलेल्याची चौपट भरपाई कबूल केली, तर प्रभूने त्याच्या घरी तारण आलं म्हटलं, उरलेलं अर्धं मागितलं नाही. आपल्याकडे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा केला. ते त्यांचं बोलावणं होतं. ते प्रत्येकावर लादता येत नाही, तसं "प्रत्येकासाठी नाही ना" म्हणून स्वतःसाठी बादही करता येत नाही.

जक्कयाची भरपाई मात्र कुणालाच चुकत नाही. लेवीय 6 मध्ये लुबाडलेली मुद्दल अधिक पाचवा हिस्सा परत करायचा आहे, आणि तोही दोषार्पण आणण्याच्या दिवशी. म्हणजे आधी ज्याचं त्याला, मग वेदीपाशी. कामवाल्या बाईचे कापलेले खाडे, भावाकडून घेऊन "विसरलेले" दहा हजार, खोट्या बिलावर उचललेला प्रवासभत्ता, यांची यादी करा. अशा पैशातून दिलेलं अर्पण देवाला नको आहे.

आणि मंदिराच्या दानपेटीत गरीब विधवेने टाकलेली दोन नाणी. मार्क 12:42 प्रमाणे दोन मिळून एक क्वाद्रन्स हे रोमन नाणं होत असे. रोमन हिशेबात दिनाराचे 64 क्वाद्रन्स, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आज 500 रुपये रोज धरला तर तिने टाकले आठ रुपयांच्या आत. पेटीत आवाजही झाला नसेल. त्याच्या आधीची वचनं (38-40) सोडून हा भाग वाचू नका: तिथे विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना प्रभूने झापलं आहे. गरीब विधवेकडून शेवटचे आठ रुपये काढून घेण्यासाठी हा उतारा वापरणं म्हणजे त्याच शास्त्र्यांच्या रांगेत बसणं.

"पेरा आणि लाख घ्या" याला उत्तरं शास्त्रातच आहेत. दशमांश भांडारात आणा म्हणणाऱ्या मलाखी 3:10 मधलं भांडार म्हणजे धान्याचं कोठार. नहेम्या 13:10-12 शेजारी ठेवून वाचा: लेव्यांचा वाटा मिळेना म्हणून ते आपापल्या शेतावर निघून गेले होते. ते वचन कुणाच्या गाडीच्या हप्त्यासाठी नाही. सोडलेलं शंभरपट परत मिळेल हे वचन (मार्क 10:30) सांगताना त्याच ओळीतला "छळ" हा शब्द गाळणाऱ्यापासून सावध राहा. प्रार्थनेला दर लावला असेल तर प्रेषितांची कृत्ये 8 उघडा, तिथे जादूगार शिमोनाने पवित्र आत्मा देण्याचा अधिकार विकत घ्यायला पैसे पुढे केले आणि पेत्राने ते त्याच्या तोंडावर परत केले. कोड बरं झालेल्या नामान सेनापतीची गोष्टही (2 राजे 5) मुलांना तपशिलासह सांगावी. दहा किक्कार चांदी त्याने आणली होती, बरं करणाऱ्या अलीशा संदेष्ट्याने एकही घेतली नाही, आणि त्याचा चाकर गेहजी मागून धावत जाऊन दोन किक्कार घेऊन आला. किक्कार म्हणजे साधारण 34 किलो. पाठीवर घेऊन निघालेल्या दोन नोकरांनी काय वाहून आणलं असेल, याचा अंदाज करा.

आकडेमोड

मी कर आणि कर्जाचं बघतो, तेवढंच लिहितो. ताईंच्या नमुन्यात पूर्ण 6,200 अर्पण केलं तर कार्डाला उरतात 2,300. कार्डावर महिना साडेतीन टक्के धरा: 48,000 वर व्याज 1,680, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी 302. एकूण 1,982. म्हणजे 2,300 भरून मुद्दल उतरते 318 रुपयांनी. अशा चालीने हे देणं कित्येक वर्षं पुरेल, आणि दरम्यान एखादा सण आला की पुन्हा फुगेल.

त्याऐवजी पाच टक्के, म्हणजे 3,100 अर्पण आणि 5,400 कार्डाला. साधारण बारा महिन्यांत देणं फिटतं. अट एकच: कार्ड कपाटात. बाराव्या महिन्यानंतर 5,400 मोकळे होतात, त्यातले 3,100 अर्पणात घालून दहा टक्के पूर्ण करायचे, बाकीचे अडीअडचणीच्या खात्यात. 2 करिंथ 8:12 मध्ये जवळ असेल त्याप्रमाणे द्यावं, नसेल त्याप्रमाणे नव्हे, असं आहे. उधार काढून दिलेलं अर्पण खरं तर बँकेने दिलेलं असतं. आणि आईवडिलांचे 4,000 कापून दशमांश पूर्ण करण्याचा विचार कुणाच्या मनात आलाच, तर मार्क 7 मधला कुर्बानचा, म्हणजे देवाला वाहिलं असं सांगून आईवडिलांना न देण्याचा, भाग वाचा. तो मार्ग प्रभूने बंद केलेला आहे.

बचतीचं म्हणाल तर वरची मर्यादा आधी ठरवा. सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे इथे सुमारे 3,20,000, आणि घरातल्या सगळ्यांचा आरोग्यविमा. योसेफाने मिसरात सुबत्तेच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा साठवला, तो दुष्काळासाठी आणि लोकांसाठी. लूक 12 मधल्या श्रीमंताचं चुकलं ते कोठार बांधण्यात नाही, ते फक्त स्वतःपुरतं बांधण्यात. मर्यादा गाठली की त्या खात्यात भर घालणं थांबवा. मर्यादा न ठरवता जमवलेली पुंजी कधीच पुरेशी वाटत नाही.

पगार वाढला की काय, यावर मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने एका प्रवचनात दिलेला हिशेब मला सगळ्यात उपयोगी वाटतो. ऑक्सफर्डमधल्या एका तरुण मेथडिस्टाला वर्षाला 30 पौंड मिळत, तो 28 मध्ये राही आणि 2 देई. पुढच्या वर्षी 60 मिळाले, तरी 28 मध्येच राहिला आणि 32 दिले. मग 90 मिळाले तेव्हा 62, आणि 120 मिळाले तेव्हा 92. तो तरुण म्हणजे वेस्ली स्वतःच, असं सहसा मानलं जातं. आजच्या घरात खर्च जागचा हलू नये हे शक्य नाही, शाळेची फी कुणाचं ऐकत नाही. पण प्रत्येक वाढीतला अर्धा भाग खर्चात जायच्या आधी अर्पणाच्या खात्यात वळवणं शक्य आहे. वाढीचं पत्र हातात पडेल त्याच दिवशी स्थायी सूचना बदला.

करसवलतीच्या आशेने देऊ नका. केवळ धार्मिक कामासाठी असलेल्या ट्रस्टच्या दानाला 80जी म्हणून ओळखली जाणारी करवजावट लागू होत नाही. मंडळीचा दवाखाना किंवा शाळा चालवणारा वेगळा धर्मादाय ट्रस्ट असेल तर त्याचं प्रमाणपत्र बघा. तिथेही 2,000 च्या वरची रोख रक्कम वजावटीला चालत नाही, आणि नव्या करपद्धतीत ही वजावट नाहीच.

खजिनदार_नगर

आकडेमोड भाऊ, हिशेब पटला, पण अर्पणाला पहिली कात्री लावणं मला पटत नाही. घरखर्चाच्या 18,000 मध्ये बाहेरून मागवलेलं जेवण आणि सबस्क्रिप्शनं किती, ते आधी बघा. तिथे 3,000 निघाले तर 6,200 अर्पण आणि 5,300 कार्डाला, दोन्ही होतं. दहा टक्के ही ख्रिस्ती माणसाची कमाल नाही, सुरुवात आहे.

आकडेमोड

निघाले तर जरूर. न निघणारीही घरं आहेत, त्यांना अपराधी वाटू नये म्हणून लिहिलं.

वसईचा_धर्मग्रामस्थ

आम्हा कॅथलिकांत ठरावीक टक्का नाही. चर्चच्या गरजांना आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावणं हे मात्र चर्चच्या आज्ञांपैकी आहे. रविवारच्या शिफ्टबद्दल आमच्याकडे नियम स्पष्ट आहे, तो इतरांनाही उपयोगी पडेल. मिस्साला (आमच्या मुख्य उपासनेला) हजर राहणं आणि उपासनेला अडथळा आणणारी कामं टाळणं हे बंधन आहे. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने ते पूर्ण होतं. परिचारिका, पोलीस, रेल्वेवाले यांचं काम म्हणजे सेवा, त्यांच्यावर बोट नाही. गंभीर कारण असेल तर धर्मगुरू सूटही देऊ शकतात. शिफ्ट घेणाऱ्याला एवढंच विचारा: रविवारी साधा पगार असता तर घेतली असती का? उत्तर "नाही" असेल तर उपासनेची किंमत ठरली, आणि ती किती ते पगाराच्या पावतीवर छापलेलं आहे. तरीही घरात खरीच नड असेल तर मुदत घालून घ्या. तीन महिने म्हणजे तीनच, आणि तेवढे दिवस शनिवारची किंवा पहाटेची उपासना ठरलेली.

मला मात्र पगारापेक्षा मोठ्या रकमेबद्दल बोलायचं आहे. पगारात लोभ थेंबाथेंबाने येतो, जमिनीच्या पैशात पुराने येतो. वसईत वाडी (बागायती जमीन) विकून पैसे झाले आणि भावंडं एकमेकांच्या घरी लग्नालाही जाईनाशी झाली, असं घडतं. लूक 12 नीट वाचा: धनवान मूर्खाचा दाखला प्रभूने सांगितला तो कशावरून? गर्दीतला एक जण म्हणाला, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. दाखल्याची सुरुवात वाटणीच्या भांडणात आहे.

1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता ख्रिस्ती माणूस वारला, तर विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेलं मुलगे-मुली सर्वांना सारखं. उदाहरण घ्या: वडील गेले, मागे आई, दोन भाऊ, दोन बहिणी. वाडीचे 90 लाख आले. आईचे 30, प्रत्येक मुलाचे आणि प्रत्येक मुलीचे 15. (गोव्यात नागरी कायदा वेगळा, तिथली वाटणी या हिशेबाने करू नका.) प्रत्यक्षात काय होतं? बहिणीला जेवायला बोलावतात, माहेर तुटू नये म्हणून ती हक्कसोडपत्रावर सही करते, तिला साडी मिळते, आणि पुढच्या रविवारी भाऊ चर्चला ठळक देणगी देतो. ती देणगी बहिणीच्या 15 लाखांतली आहे. धर्मगुरूंनी ती घेण्याआधी विचारायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून व्यवहार ठरण्याच्या आधी, पैसे दिसण्याच्या आधी, सगळ्या भावंडांनी एकत्र बसून तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात: कुणाचा किती वाटा, त्यातलं अर्पण आणि गरिबांसाठी किती, आणि उरलेल्याला किती महिने हात लावायचा नाही. सहा महिने मुदत ठेवीत राहू द्या. बहिणीला खरंच सोडायचं असेल तर तिने आपला स्वतंत्र वकील विचारून, घरी जाऊन, शांतपणे सोडावं. भांडवली नफ्याचा कर आधी बाजूला काढा, अर्पण त्यानंतरच्या रकमेवर.

वचनपाठ_पिंपरी

सर्वांचे मनापासून आभार. जमिनीचा मुद्दा आमच्या यादीत नव्हता, आणि गटातल्या निदान दोन घरांना तो लवकरच लागणार आहे. अजून एकच. कापणीच्या सणाला आमच्याकडे लिलाव असतो. एकच भोपळा घेणारा पुन्हा दान करतो, पुन्हा बोली लागते, आणि शेवटी दोन घराण्यांत ईर्षा पेटते. बंद करावा का?

शास्त्र_आणि_शेत

बंद करू नका ताई, आवर घाला. शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे येतं ही फार सुंदर गोष्ट आहे, शहरातल्या मुलांना जोंधळ्याचं कणीस तिथेच हातात धरायला मिळतं. बिघडतं ते तीन ठिकाणी. बोली नाव पुकारून लागते, म्हणून नंबरची पाटी द्या आणि नाव माइकवर घेऊ नका. बोललेली रक्कम महिनोन्महिने येत नाही, म्हणून वस्तू नेताना पैसे जागेवर, उधारी नाही. आणि एक वस्तू एकदाच. परत दान केलेला भोपळा पुन्हा लिलावात न आणता तिथूनच वसतिगृहाच्या किंवा वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात पाठवा. ज्यांना बोली परवडत नाही त्यांच्यासाठी दाराशी धान्याचं पिंप ठेवा, कुणी किती टाकलं ते कुणाला दिसणार नाही असं, उभट आणि झाकणाचं.

वर्षभर चालणारं काही हवं असेल तर मिझोरमचं बुहफाइ थम बघा. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांतल्या बायका शंभरहून अधिक वर्षं स्वयंपाकाला तांदूळ घेताना दर वेळी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकतात. गोळा झालेला तांदूळ मंडळी विकते आणि पैसे सुवार्तेच्या कामाला जातात. गरिबातल्या गरीब घरालाही ते जमतं. तुमच्या गटाला सुरू करायचं असेल तर घरटी एक किलोचा डबा, गोळा करायचा वार ठरलेला, आणि तांदूळ विकण्याआधी निवडून घ्यायला दोन जणी. पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या वर साठवू नका, पोरकिडे होतात.

खजिनदार_नगर

त्या तांदळाचीही वही ठेवा. वजन, तारीख, विक्रीची रक्कम, दोन सह्या.